पंख फक्त आईबाबांचेच का असावेत?



जपानमधल्या मराठी आईबाबांसाठी आज जरा लांबलचक लिहितेय. चहा घेऊन बसा. सुरुवात एका इंग्रजी वाक्प्रचारापासून आहे, पण खरा विषय आपली मुलं आहेत, आणि थोडेफार आपणही.

'टेक समवन अंडर युअर विंग'. इंडियन किंवा इंटरनॅशनल शाळेत जाणाऱ्या मुलांच्या इंग्रजीच्या वहीत हा वाक्प्रचार कधी ना कधी येतोच. मुलांनी अर्थ विचारला की आपण भाजी परतता परतता सांगतो, "अरे, पंखाखाली घेणं. म्हणजे सांभाळणं." शब्दाला शब्द जुळतो, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटतो. पण इंग्रजीत तो कसा वापरतात ते नीट बघितलं तर आपल्या 'पंखाखाली घेणं'मध्ये आणि त्यांच्यात एक मोठा फरक दिसतो. माझं म्हणणं असं की परदेशात मुलं वाढवताना आपल्या बऱ्याच अडचणी या फरकापाशी येऊन अडकतात.

आधी इंग्रजीचं बघू. चित्र साधं आहे. कोंबडी आपली पिल्लं पंखाखाली घेते, ते. बायबलमध्येही ही प्रतिमा आहे आणि तिथून ती इंग्रजीत चांगली रुजली. पण आजचा वापर बघा. ऑफिसात नवीन आलेल्या पोरीला एखादी सीनियर बाई पंखाखाली घेते. क्रिकेटच्या टीममध्ये नव्या पोराला जुना खेळाडू घेतो. शाळा बदलून आलेल्या मुलाला वरच्या वर्गातला कोणीतरी घेतो. यात दोन कामं एकत्र असतात: शिकवणं आणि वाचवणं. नुसतं शिकवलं तर ती शिकवणी झाली, नुसतं वाचवलं तर ती राखण झाली. दोन्ही एकत्र, तेही कोणी सांगितलेलं नसताना, म्हणजे पंखाखाली घेणं.

आता गंमत बघा. 'माझ्या आईने मला पंखाखाली घेतलं' असं इंग्रजीत सहसा कोणी म्हणणार नाही. आई सांभाळणारच, त्यात सांगण्यासारखं काय? त्या वाक्प्रचारात 'घेणं' आहे. जे आपलं नाही ते आपणहून घेतलं, म्हणून तर त्याची गोष्ट होते.

वापराच्या आणखी दोन गोष्टी मुलांना जरूर सांगा. एक, हे मोठ्याकडून लहानाकडे, अनुभवी माणसाकडून नवख्याकडे जातं. नवीन लागलेला माणूस 'मी बॉसला पंखाखाली घेतलं' म्हणाला तर लोक हसतील. दुसरी, हे वाक्य घेणाऱ्यापेक्षा ज्याला घेतलं त्याच्या तोंडी जास्त शोभतं. 'तिने मला पंखाखाली घेतलं' यात कृतज्ञता आहे. 'मी त्याला पंखाखाली घेतलं' यात थोडी का होईना, ऐट डोकावते.

आता आपली मराठी. आपल्याकडे पंख म्हटलं की आई. 'मायेची पाखर', 'आईच्या पदराखाली', 'आता घरट्यातून बाहेर पडायला हवं'. परक्या माणसाने आधार दिला तर आपण वेगळे शब्द काढतो. हाताशी धरलं, पाठीवर हात ठेवला, डोक्यावर हात आहे. यातले काही तर संशयाचेच. 'याच्या डोक्यावर कोणाचा हात आहे?' हा प्रश्न आपण कौतुकाने विचारत नाही. आणि 'पाठीशी घातलं' म्हणजे तर चूक झाकली. थोडक्यात, मराठी मनात पंख घरच्यांचा आणि हात बाहेरच्याचा.

महाराष्ट्रात असताना याने काही बिघडत नव्हतं. कारण तिथे 'घरचे' म्हणजे किती माणसं! आजी, आत्या, मावशी, समोरच्या काकू, वरच्या मजल्यावरचा दादा. सायकल त्याने शिकवली, दहावीची गाइडं त्याचीच आली, आणि गल्लीतल्या दांडगट पोरांपासून त्यानेच वाचवलं. त्याला कोणी 'मेंटॉर' म्हटलं नाही. तो नुसता 'दादा' होता. पंख अनेक होते, म्हणून मोजायची वेळच आली नाही.

विमानात बसताना आपण शब्द बरोबर आणले, माणसं तिथेच राहिली. इथे येऊन 'घरचे' म्हणजे उरलो आपण दोघंच. आणि आपण ठरवून टाकलं की आजी, मामा, दादा, शिकवणीवाले सर, शेजारी या सगळ्यांचं काम आता आपण दोघांनी करायचं. नोकरी सांभाळून.

हे होत नाही, मंडळी. यात आपली मेहनत किंवा प्रेम कमी पडतंय असं मला म्हणायचं नाही. ते काम दोन माणसांचं कधी नव्हतंच.

मूल लहान असतं तोवर हे जाणवत नाही. डबा, डॉक्टर, होइकुएन, सगळं आपल्या आवाक्यातलं असतं. मग मूल जपानी शाळेत जायला लागतं आणि तिसरी-चौथीत त्याचं जपानी आपल्या पुढे जातं. शाळेतून आलेला कागद तेच वाचून दाखवतं. सेन्सेईंचा फोन आला की तेच दुभाष्याचं काम करतं. दवाखान्यात आईला काय होतंय ते नऊ-दहा वर्षांचं पोर डॉक्टरांना सांगतं. आपण कौतुकाने म्हणतो, "किती हुशार झालाय बघा!" हुशार झालाच आहे. पण कोण कोणाच्या पंखाखाली आहे, हेही एकदा बघायला हवं. वर्गात काही वाईट घडलं तर ते पोर घरी सांगेलच असं नाही. आईबाबांना शाळेचं फारसं कळत नाही, उगाच काळजी करतील, हे त्याला ठाऊक असतं. ते आपल्यालाच जपायला लागतं.

पुढे कोकोजुकेन, म्हणजे नववीच्या शेवटी हायस्कूलची प्रवेश परीक्षा. इथलं सक्तीचं शिक्षण तिथे संपतं. त्यापुढे सरकारी हायस्कूललाही परीक्षा देऊनच जावं लागतं. परीक्षेच्या गुणांबरोबर शाळेतले नाइशिनतेन धरतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी निवडपद्धत काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही. हे सगळं आपण इंटरनेटवरून वाचू शकतो. पण चौदा वर्षांच्या मुलाला "मीही यातून गेलोय, असं असं कर, घाबरू नको" हे आपण सांगू शकत नाही. आपण यातून गेलेलो नाही. ते सांगणारं दुसरं कोणीतरी लागतं. इंग्रजी वाक्प्रचारातला पंख तो हा.

आता आपण राहतो त्या देशाकडे बघा. जपानी भाषेत पंखाची अशी रोजच्या वापरातली म्हण माझ्या कानावर येत नाही. रोज कानावर पडतं ते 'मेन्दो ओ मिरु'. मेन्दो म्हणजे कटकट, झंझट. मिरु म्हणजे बघणं. एखाद्याची कटकट बघणं, म्हणजे त्याची काळजी घेणं! मला हा शब्द फार प्रामाणिक वाटतो. यात पिसांची मऊ ऊब नाही. दुसऱ्याला सांभाळणं हे झंझट आहे, हे उघड मान्य केलंय, आणि ते झंझट घेणाऱ्या माणसाला 'मेन्दोमी गा ई' म्हणून नावाजलंही जातं. दुसरा शब्द आपल्या ऑफिसच्या प्रत्येक मेलच्या सुरुवातीला असतो, 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु'. तुमच्या सेवा-आधारावर आमचं चाललंय. त्यातला 'सेवा' कानाला आपलाच वाटतो. आवाजाचा योगायोग म्हणा, पण लक्षात ठेवायला सोपा आहे.

आणि ही नुसती बोलायची भाषा नाही, शाळेत तशी व्यवस्थाच असते. एप्रिलमध्ये पिवळी टोपी आणि रांदोसेरुवर पिवळं कव्हर घातलेली पहिलीची पिल्लं शाळेत येतात, तेव्हा बऱ्याच शाळांत सहावीची मुलं त्यांचा हात धरतात. बूट कुठे ठेवायचे, जेवण कसं वाढायचं, फरशी कशी पुसायची, हे शिक्षकांइतकंच सहावीचा दादा किंवा ताई शिकवते. अनेक गावांत तोकोहान असतो. सकाळी शेजारपाजारची मुलं एका ठिकाणी जमतात, सगळ्यात मोठं मूल पुढे, लहानगी मधे, आणि रांगेत शाळेला. काही घरांवर 'कोदोमो ह्याकुतोबान' असा स्टिकर दिसतो. रस्त्यात भीती वाटली तर मुलाने धावत या घरात शिरावं, असा त्याचा अर्थ. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला इथे शिकवलं जातं की तुझ्यापेक्षा लहान कोणीतरी तुझ्या भरवशावर आहे. पुढे बुकात्सु सुरू झालं की सेनपाई-कोहाई येतंच.

इतकी तयार व्यवस्था असताना आपली मुलं तिच्यात पूर्ण उतरत नाहीत. कारण बरेचदा आपणच. "एवढ्याशा सहावीच्या मुलीच्या भरवशावर कसं सोडायचं?" "शेजारच्या ओबाआसान मुलाला घरी बोलावतात, पण काय खायला देतील कोण जाणे." "फॅमिली सपोर्टला फोन केला असता, पण उगाच लोकांना त्रास कशाला?" बाळ झालं की चार महिन्यांच्या आत वॉर्डाकडून कोणीतरी घरी येऊन जातं. त्या भेटीलाही काही जणी घर आवरलेलं नाही, जपानी येत नाही म्हणून टाळाटाळ करतात.

तो 'लोकांना त्रास कशाला' मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जपानमध्ये आल्या आल्या आपण 'मेइवाकु' हा शब्द शिकतो. दुसऱ्याला मेइवाकु द्यायचा नाही. ट्रेनमध्ये फोन नको, रात्री मिक्सर नको, पोरांनी पळायला नको. आपण तो इतका मनावर घेतो की मदत मागणं म्हणजेही मेइवाकु असं वाटायला लागतं. पण मेइवाकु आणि मेन्दो वेगळे आहेत. मेइवाकु म्हणजे समोरच्याने न मागितलेला त्रास आपण त्याच्यावर लादणं. मेन्दो ओ मिरु म्हणजे समोरच्याने आपणहून उचललेला त्रास. ज्या ओबाआसान तुमच्या मुलीला कांजी शिकवायला स्वतःहून तयार आहेत, त्यांना 'नको नको, तुम्हाला त्रास' म्हणणं हे सौजन्य नाही. त्यांनी उघडलेला पंख आपण मिटायला लावतोय.

कोणी म्हणेल, परक्यावर इतका विश्वास आपल्यात बसत नाही. तर आपल्याच इतिहासातली एक गोष्ट आठवा.

१८८० साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येईपर्यंत एक मिशनरी मासिक चाळत होत्या. त्यात गोपाळराव जोशांचं पत्र छापलेलं होतं. बायकोला अमेरिकेत शिकवायचंय, असं. कार्पेंटरबाईंनी त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. मग तीन वर्षं पत्रव्यवहार. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या. जून १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा याच मावशी त्यांना घ्यायला आल्या होत्या. कॉलेज सुरू होईपर्यंत त्या त्यांच्याच घरी राहिल्या. मग फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज, आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टरची पदवी.

मला यात दोन गोष्टी मोठ्या वाटतात. कार्पेंटरबाईंनी आनंदीला आपल्यासारखं करायचा हट्ट धरला नाही. ख्रिस्ती हो म्हणणारे इतर खूप होते, पण आनंदीबाई हिंदूच राहिल्या, शाकाहारी राहिल्या, साडीतच राहिल्या. आणि शिकण्याची वेळ आली तेव्हा मावशींनी तिला आपल्या घरात धरून ठेवलं नाही, फिलाडेल्फियाला जाऊ दिलं. पंख होता, पिंजरा नव्हता. फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा या मावशींकडे पाठवली गेली आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला ती आजही आहे. रक्ताचं नातं नाही, भाषा एक नाही, धर्म एक नाही. तरी अस्थी कुठे पाठवायच्या, तर त्या घरी!

जपानातही असं घडलंय. १९१५ साली रासबिहारी बोस तोक्योत होते. ब्रिटिशांच्या दबावाखाली जपान सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला. तेव्हा शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीचे मालक आइझो आणि कोक्को सोमा यांनी आपल्या दुकानामागच्या स्टुडिओत त्यांना काही महिने लपवून ठेवलं. आधीची ओळख नव्हती. पुढे १९१८ मध्ये त्यांच्या मुलीचं, तोशिकोचं, बोसांशी लग्न झालं, आणि १९२७ पासून नाकामुरायात भारतीय करी मिळायला लागली. आजही मिळते. आपण शिंजुकूला जाऊन तिची चव आपल्या रश्श्याशी ताडून बघतो, तेव्हा ती चव एका बेकरीवाल्या जोडप्याने घेतलेल्या जोखमीतून आलीय हे आठवत नाही.

आणि अगदी जवळचं म्हणजे आपलं निशिकासाई. २००० च्या आसपास वायटूकेच्या निमित्ताने भारतातून इंजिनियर यायला लागले, तेव्हा घर मिळत नव्हतं, कारण ओळखपाळख नाही, जामीन राहायला कोणी नाही. शाकाहारी जेवण नव्हतं. १९७८ पासून जपानात असलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी या पोरांना घरं मिळवून द्यायला मदत केली, जेवणाची सोय केली. पुढे जामीनदार न मागणाऱ्या यूआरच्या इमारतींमुळे वस्ती वाढली. आज तिथे भारतीय दुकानं आहेत, सण आहेत, आणि २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात निवडून गेले. आज आपण तोझाई लाइनने उतरून निवांत कोथिंबीर आणि तूरडाळ घेतो. आपल्या आधी कोणीतरी कोणालातरी पंखाखाली घेतलं होतं, त्याचं हे फळ आहे.

आता दुसरी बाजू. ती न लिहिता पुढे गेले तर ते बेजबाबदारपणाचं होईल.

पंखाखाली ऊब असते तसा अंधारही असतो. इंग्रजीत 'अंडर द विंग'च्या शेजारीच 'अंडर द थम्ब' आहे. कोणाच्या तरी अंगठ्याखाली असणं, म्हणजे त्याच्या मुठीत असणं. जपानीत 'कावाइगारु' म्हणजे लाड करणं, जीव लावणं. पण सुमोच्या जगात 'कावाइगारी' हा शब्द सरावाच्या नावाखाली होणाऱ्या मारहाणीसाठीही वापरला गेला. २००७ मध्ये तोकित्सुकाझे आखाड्यात सतरा वर्षांच्या एका मुलाचा अशा मारहाणीत जीव गेला आणि आखाड्याच्या प्रमुखाला शिक्षा झाली. 'जीव लावणं' या शब्दाखाली जीव घेतला गेला. बुकात्सुमध्ये सेनपाईचं प्रत्येक म्हणणं मान्य करायचं, हे मूल शिकतं तेव्हा आपले कान उघडे हवेत.

आपल्या मंडळींतही हे असतं. नव्याने आलेल्या कुटुंबाला घर शोधून देणारा, वॉर्ड ऑफिसला घेऊन जाणारा, आणि मग पाच वर्षं 'मी नसतो तर यांचं काय झालं असतं' असं चारचौघांत ऐकवणारा माणूस तुम्हालाही माहीत असेल. तो पंख नाही, ती उधारी आहे.

मग ओळखायचं कसं? मी मुलांना तीन खुणा सांगते.

पहिली: खरा पंख आईबाबांपासून काही लपवायला सांगत नाही. "घरी सांगू नकोस हं" हे वाक्य आलं की ते कोणीही असो, त्याच्यापासून दूर व्हायचं आणि घरी सांगायचं. लगेच सांगायचं, आणि घरी कोणी रागावणार नाही.

दुसरी: खरा पंख इतर पंखांवर जळत नाही. जो म्हणतो 'माझ्याशिवाय कोणाशी बोलू नकोस', तो सांभाळत नाही, अडवतो.

तिसरी: खरा पंख उघडतो. सहावीची ताई मार्चमध्ये शाळा सोडून जाते, आणि पहिलीतली पोरगी एप्रिलमध्ये दुसरीत जाऊन स्वतःचे बूट स्वतः ठेवते. उघडलाच नाही तर तो पंख कसला?

यातली तिसरी खूण आपल्यालाही लागू आहे, बरं का. आपल्या पोरांना आपण कधी उघडून देणार, हा प्रश्न आपल्यालाच आहे.

'पण शेवटी मुलांना आईबाबांसारखं कोणी नाही' असं तुम्ही म्हणाल. मान्य. मी आईबाबांचे पंख काढा म्हणतच नाहीये. मी म्हणतेय त्यांच्या शेजारी आणखी दोन-तीन असू द्या. मुलाचं जग एकाच खांबावर उभं असेल, तर तो खांब आजारी पडला, त्याची नोकरी गेली, त्याला भारतात जावं लागलं, तर काय?

आता करायचं काय, ते थोडक्यात. यातलं सगळं जमेल असं नाही. एक जमलं तरी पुष्कळ.

मूल जपानी शाळेत असेल तर वरच्या वर्गातल्या एका मुलाशी किंवा मुलीशी त्याची ओळख होऊ द्या. पहिल्या महिन्यातच त्या घरी जाऊन "ओसेवा नि नारिमासु" म्हणून या. दिवाळीला चार चकल्या द्या. ते काहीतरी परत देतील, कारण इथे ओकाएशी चुकत नाही. मग तुम्ही परत काहीतरी द्याल. नातं असंच सुरू होतं.

मूल इंडियन शाळेत असेल तर ही गरज जास्त आहे. तिथे इंग्रजी आणि अभ्यास चांगला होतो, पण इमारतीतली, गल्लीतली जपानी माणसं आयुष्यात येतच नाहीत. गावातला जूदोचा वर्ग, फुटबॉलचा क्लब, वाचनालयातला गोष्टींचा तास, कुठेतरी एक जपानी मोठं माणूस असू द्या, जे आपल्या मुलाला नावाने ओळखतं.

मूल सातवीच्या पुढे असेल तर इथल्या हायस्कूल किंवा कॉलेजात गेलेला एखादा मराठी दादा किंवा ताई शोधा. महिन्यातून एकदा दोघांना रामेन खायला पाठवा. पैसे तुम्ही द्या, पण बरोबर जाऊ नका.

आईला जपानी येत नसेल तर वॉर्डाच्या किंवा शहराच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात स्वयंसेवकांचे जपानी वर्ग चालतात. तिथे जाणाऱ्या बायकांना भाषेइतकीच एखादी जपानी मैत्रीण किंवा मावशी मिळते. आईला कोणी पंखाखाली घेतलं की पोराच्या खांद्यावरचं दुभाष्याचं ओझं उतरतं.

आणि सगळ्यात शेवटचं. तुमच्या आठवी-नववीच्या मुलाला कोणालातरी पंखाखाली घ्यायला लावा. मराठी शाळेच्या वर्गात, गणपतीच्या नाटकाच्या तालमीत, नव्याने आलेल्या कुटुंबातल्या पोराबरोबर. उवाबाकी कुठले घ्यायचे, कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा, बोसाइझुकिन म्हणजे काय, हे त्याच्याइतकं चांगलं आपण सांगू शकणार नाही. जे पोर कालपर्यंत 'मी इथलाही नाही, तिथलाही नाही' म्हणत होतं, त्याला कळतं की दोन्हीकडचं थोडं थोडं येणं हीच आपली कमाई आहे, आणि ती दुसऱ्याला देता येते.

आपण मोठ्यांनीही एक करूया. दर वर्षी एक नवीन कुटुंब. फक्त एक वर्ष. घर, वॉर्ड ऑफिस, शाळेचे कागद, पहिला भूकंप, पहिला पावसाळा. वर्ष संपलं की त्यांना सांगायचं, आता पुढच्या वर्षी तुम्ही एक कुटुंब घ्या. आणि त्यानंतर आपण काय काय केलं ते चारचौघांत काढायचं नाही. सुरुवातीला म्हटलं ना, हे वाक्य घेणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

मुलांनी पुन्हा त्या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ विचारला तर सांगा: आपलं नसलेलं कोणीतरी आपणहून आपलं करणं, त्याला शिकवणं, त्याला जपणं, आणि वेळ आली की सोडणं.

तुम्हाला जपानमध्ये पहिल्या वर्षी कोणी पंखाखाली घेतलं होतं? नाव लिहू नका, पण त्यांनी काय केलं होतं ते खाली जरूर लिहा. आणि जमलं तर आज त्यांना एक फोन करा.